‘वेलनेस’ची मेहेरबानी आणि कामगार विम्याचा हक्क

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांत हल्ली ‘वेलनेस’ नावाचा कार्यक्रम चालतो. सकाळी योगवर्ग, मोबाइलमध्ये पावले मोजणारे ॲप, वर्षातून एकदा रक्ततपासणी, ताण हलका करायला फोनवर समुपदेशक. पाठदुखीने किंवा हृदयविकाराने कोणी लांब रजेवर गेला की काही ठिकाणी त्याच्यासाठी ‘केस मॅनेजर’ नेमतात. हा केस मॅनेजर आजारी माणसाला फोन करतो, डॉक्टरांकडून माहिती घेतो, उपचार नीट चालले आहेत ना ते पाहतो आणि माणूस कामावर कधी परतेल याचा हिशेब ठेवतो. हे सगळे फार आधुनिक, अमेरिकेतून आलेले आणि मालकाच्या मोठ्या मनाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. त्याच ऑफिसचे संडास धुणारी बाई मात्र या कार्यक्रमात नसते. ती कंपनीची ‘एम्प्लॉयी’ नाही, ती एजन्सीची आहे.

कामगाराच्या शरीराची काळजी कोणी घ्यायची, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हुकमाखाली, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षे जुना आहे. त्याचे एक उत्तर या देशाच्या कायद्यात लिहिलेही गेले. ते उत्तर लिहिण्यात बाबासाहेबांचा हात होता. त्यामुळे वेलनेसच्या गोडव्यांना उत्तर देताना आपल्याला अमेरिकेपर्यंत जाण्याआधी मुंबईतच थांबावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. महापालिकेने ऑक्टोबरमध्ये सक्तीचे हुकूम काढले: घरात शिरून रोगी शोधायचे, त्यांना उचलून इस्पितळात न्यायचे, कुटुंबाला वेगळे काढायचे. लोक भडकले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि लगोलग हुकूम सैल झाले. पण म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी पुढे जो अहवाल लिहिला त्यात आणखी एक भीती स्पष्ट दिसते. शहराची हलालखोर आणि झाडूवाली मंडळी घाबरून गावी निघून गेली तर मुंबई चार दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, ही ती भीती. म्हणजे ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्या जाण्याने शहर मरेल, हे साहेबाला बरोबर कळले होते. शहराच्या कारभाऱ्यांनी सफाई कामगारांची मनधरणी केली ती या हिशेबाने. तो आजारी पडू नये म्हणून नव्हे, तो पळून जाऊ नये म्हणून. आजच्या कंपन्यांत यालाच ‘रिटेन्शन’ म्हणतात.

प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब कुटुंबासह अनेक वर्षे राहिले. गिरणगावचे फुप्फुस कसे असते हे त्यांना सरकारी अहवालातून वाचावे लागले नाही.

त्या गिरण्यांमधली एक गोष्ट कामगार चळवळीच्या इतिहासात नेहमी उरकून टाकली जाते. विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या थुंकीचा धोटा आपण तोंडाला कसा लावणार, हा सवर्ण कामगारांचा सवाल होता. आता हीच पद्धत लँकेशायरच्या गिरण्यांतही होती. तिथे ती रोग पसरवते, दात आणि छाती खराब करते, म्हणून तक्रारी झाल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. एकाच्या तोंडातला धोटा दुसऱ्याने तोंडात घालणे हा सगळ्याच कामगारांच्या जिवाशी खेळ होता. क्षयाने गिरणगाव पोखरलेले होते. असे असताना मुंबईच्या कामगाराला धोट्यातला रोग दिसला नाही, धोट्यातली जात दिसली. मालकाला दोन्ही सोयीचे होते. हाताने ओवता येईल असा धोटा आणण्याचा खर्चही वाचला आणि कामगारांची एकीही फुटलेली राहिली.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या माणसांना संपातून बाहेर काढतो, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. मागणी कशीबशी घेतली गेली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी उलट पुढाऱ्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकाने हात झटकण्याची ही रीत लक्षात ठेवा. ‘ती आमची एम्प्लॉयी नाही, एजन्सीची आहे’ या वाक्याचा तो आजोबा आहे.

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले. विरोधकांचे म्हणणे असे की गिरणीवर असा बोजा टाकणे अन्यायाचे आहे आणि हवे तर मालकाने स्वखुशीने द्यावे. बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये विधेयकाला पाठिंबा देताना जो मुद्दा मांडला तो आजही कोणत्याही एचआर खात्याला पेलणार नाही. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार उचलत नाही तोवर मालक सुटत नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे. दयेचा शब्दसुद्धा इथे नाही. राष्ट्राचे हित आणि मालकाचा नफा अशा दोन खात्यांवर त्यांनी हा खर्च मांडला. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला.

आता केस मॅनेजमेंटकडे वळू. तिचा जुना अवतार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आहे. अपघात झालेल्या कामगाराने नोटीस दिली की तीन दिवसांच्या आत मालकाला त्याची तपासणी फुकट, पण आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून, करून देता येई. कामगाराने नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होई. डॉक्टरची फी मालक देणार, डॉक्टर अहवाल लिहिणार आणि त्या अहवालावर मालकाने किती पैसे द्यायचे ते ठरणार. डॉक्टर सज्जन असेलही. पण सज्जनपणावर कामगाराचा हात सोडायचा का?

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्येच सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या परिषदेची घडी बसली. मार्च १९४३ मध्ये बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो तपासला. बाळंतपणाचा भत्ता आणि कामावरच्या अपघाताची भरपाई याच एका विम्यात आणा, असे त्यांनी सुचवले. १९४६ मध्ये विधेयक आले, एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला योजना सुरू झाली.

इथे आपल्याच लोकांशी थोडे बोलायचे आहे. दर १४ एप्रिलला जे संदेश फिरतात त्यात ‘बाबासाहेबांनी ईएसआय कायदा केला’ आणि ‘चौदा तासांचा दिवस आठ तासांचा केला’ असे लिहिलेले असते. विधेयक मांडले गेले तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आधीच दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा होती; ती अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती बाबासाहेबांच्या खात्याने आणली आणि ती १९४६ साली मंजूर झाली. खरे जे आहे ते पुरेसे मोठे आहे. फुगवून सांगितले की विरोधक एक तारीख खोडतो आणि सगळेच खोटे ठरवतो.

आणि जे अडचणीचे आहे तेही सांगावे. युद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये खाणीत जमिनीखाली बायकांना काम देण्यावरची बंदी उठवली गेली. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना कायदेमंडळात त्याचे समर्थन करावे लागले. बंदी पुन्हा लागू झाली ती १९४६ मध्ये. त्या निर्णयावर टीका करायला हरकत नाही. पण त्याच काळात ते धनबादच्या खाणीत स्वतः उतरले, आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर, त्या पैशातून दवाखाने, पाणी, घरे, आणि सल्लागार समितीवर मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी. कोणा शेटजीच्या नावाची पाटी लागणारा हा धर्मादाय दवाखाना नव्हता.

ईएसआय कायद्याची रचना याच विचाराची होती आणि ती समजून घेतल्याशिवाय वेलनेसचा खोटेपणा कळत नाही. वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते. आज कामगाराची पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन टक्के. उपचार मात्र आजाराच्या प्रमाणात. विडी ओढणाऱ्याला जास्त वर्गणी नाही, वजन घटवणाऱ्याला सूट नाही. आजारपणाचा दाखला विमा योजनेचा डॉक्टर देतो, मालकाचा नव्हे. १९२३ च्या कायद्याने मालकाच्या हातात दिलेली नाडी इथे काढून घेतली गेली. त्या कायद्याचे कलम ७३ सांगत असे की कामगार आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा लाभ घेत असताना मालकाने त्याला कामावरून काढायचे नाही, त्याचा दर्जा उतरवायचा नाही. क्षयासारख्या लांब चालणाऱ्या रोगांसाठी वाढीव लाभ आहे. आणि ज्यावर आपण पुरेसे बोलत नाही ती गोष्ट म्हणजे कंत्राटदारामार्फत लावलेला कामगारही या कायद्यात ‘कर्मचारी’च होता. कलम ४० प्रमाणे त्याची वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची असे. ‘आमची नव्हे, एजन्सीची’ या बहाण्याला १९४८ मध्येच कायद्याने उत्तर दिले होते.

कोणी म्हणेल, ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन बघा एकदा. बघितले आहेत. रांग, औषधांचा तुटवडा, दुसरीकडे पाठवल्याच्या चिठ्ठ्या, सगळे खरे आहे. पण हक्काची जागा मोडकळीला आली तर ती दुरुस्त करायची असते. पगाराची मर्यादा २०१७ पासून एकवीस हजारांवरच ठेवली आहे. तिच्यावर गेलेला माणूस विम्यातून बाहेर पडतो आणि कंपनीच्या खासगी पॉलिसीच्या, म्हणजे मेहेरबानीच्या, हवाली होतो. आवाज असलेला कामगार बाहेर गेला की आत उरलेल्यांच्या दवाखान्याची कोणाला पर्वा राहत नाही. महापालिकेच्या शाळेचे जे झाले तेच इथे.

आता अमेरिकेकडे येऊ. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला आणि सोबत एक समाजशास्त्र खाते उघडले. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, पैसे साठवतो का, हे पाहून तो पूर्ण पगाराला पात्र आहे की नाही ते ठरे. वेलनेसची वंशावळ ही आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने तिथल्या मालकांना विम्याच्या हप्त्याच्या तीस टक्क्यांपर्यंत बक्षीस किंवा दंड आरोग्याच्या उद्दिष्टांशी बांधायची मुभा दिली. म्हणजे रक्तदाब उतरला नाही तर खिशाला चाट. आणि हे करून आरोग्य तरी सुधारले का? बीजेज होलसेल क्लब या दुकान-साखळीतल्या सुमारे तेहतीस हजार कामगारांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर रक्तदाब, साखर, उपचारखर्च, गैरहजेरी यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातही तसेच. कार्यक्रमात येणारे आधीच धडधाकट होते.

यात नवल नाही. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसले की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट होते, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पूर्ण उलगडत नव्हता. पायरी जितकी खालची तितके आयुष्य कमी. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द ज्यांनी आपल्याला दिला त्यांच्या अनुयायांना याचे स्पष्टीकरण वेगळे द्यायला नको. दहा हजार पावले चालून पायरी बदलत नाही. सफाई कामगार तर रोज त्याहून जास्त चालतो.

त्याच्याही मनगटावर घड्याळ आले आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे बांधली, इतर काही शहरांनीही. ऑफिसातल्या साहेबाचे घड्याळ त्याच्या हृदयाचे ठोके मोजते, त्याला उठून दोन मिनिटे चाला म्हणते. झाडणाऱ्या बाईचे घड्याळ ती कुठे उभी आहे ते मोजते आणि पगार कापते. ती संडास शोधायला हद्दीबाहेर गेली तरी. तंत्र एकच, पण एकाच्या शरीराची काळजी होते आणि दुसरीच्या शरीरावर पहारा. यात कोणत्या जातीचे मनगट कोणत्या घड्याळात आहे, हे मोजायला मोठ्या सर्वेक्षणाची गरज पडू नये. कारखाना कायद्यात १९८७ साली, भोपाळनंतर, कलम ४१-सी आले. धोक्याच्या प्रक्रियेतल्या कामगाराचे आरोग्याचे दप्तर त्याला स्वतःला पाहता आले पाहिजे असे ते सांगत असे. घड्याळाचे दप्तर बाईला कोण दाखवते?

ईएसआयचीही मर्यादा इथेच आहे आणि ती झाकू नये. योजना सुरू झाली ती कारखान्यांपासून. शेतमजूर, घरकामगार, गटारात उतरणारा, कचरा वाहणारा, म्हणजे जातीने ज्यांना जी कामे नेमून दिली ते सगळे, बाहेर राहिले. मुंबई महापालिकेने तर कचरा उचलणाऱ्यांना कामगारच म्हणायचे टाळले. कुठे कंत्राटदार मध्ये घातला, कुठे ‘स्वयंसेवक’ म्हणून मानधन दिले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून २,७०० कामगारांना कायम करून घेतले, तेही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. मधल्या काळात जे मेले ते कायम झाले नाहीत. गटारात मेलेल्याची भरपाई २०१४ च्या निकालात दहा लाख होती, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाख झाली. या देशात सफाई कामगाराच्या आरोग्यावर सरकार हमखास खर्च करते तो तो मेल्यानंतर.

२०२१ च्या जूनमध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने महापालिका-नगरपालिकांतल्या कंत्राटी आणि नैमित्तिक कामगारांना ईएसआयखाली आणण्याचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी राज्य सरकारांनी अधिसूचना काढायची होती. म्हणून आपल्या वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या बैठकीत एक काम वाटून घ्यावे. आपल्या नगरपालिकेपुरती ही अधिसूचना निघाली आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा. सफाईच्या कंत्राटाच्या कागदात ईएसआयचा कोड नंबर आहे का ते पाहा. पगाराच्या चिठ्ठीवर वर्गणी कापलेली दिसत असेल तर प्रत्येक कामगाराचा विमा क्रमांक मागा आणि त्यात बायकोमुलांची नावे चढली आहेत का ते दवाखान्यात जाऊन तपासा. पैसे कापले आणि भरले नाहीत असे आढळले तर अर्ज कंत्राटदाराच्या नावाने करू नका. कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलतो. अर्ज मुख्य मालकाच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्याच्या किंवा आयुक्ताच्या नावाने करा, प्रत ईएसआयच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या आणि पोच घ्या.